लेक सिमको तलावावर पर्च मासा मिळतो, ट्राउट मासा हुलकावणी देतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही टोरंटोजवळ राहतो. गेल्या शनिवारी मी आणि मुलगा लेक सिमकोवर बर्फातल्या मासेमारीला गेलो होतो. बर्फ स्वच्छ, काळसर आणि वीतभर जाड होता, म्हणजे चालायला हवा त्या 10 सेंटिमीटरपेक्षा बराच जास्त. पांढरा, दुधाळ बर्फ निम्माच भक्कम धरतात, म्हणून तिकडे फिरकलोच नाही.

सात-आठ मीटर खोलीवर पर्च सापडले, पण गळाला लागेनात. गळाच्या काडीचं टोक जेमतेम थरथरतं, ओढून बघावं तर आमिष साफ! मुलगा फार हिरमुसला. शेवटी दोनच मिळाले. पिवळ्या अंगावर गडद पट्टे, खालचे पर केशरी. तेवढ्यात बर्फात पाडलेल्या भोकावर पुन्हा बर्फाची साय धरली होती.

मग ट्राउटसाठी तीस मीटरवर गेलो. सोनारवर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) मासा तळातून लूरपर्यंत (नकली आमिष) वर येताना दिसतो आणि तिथूनच परत फिरतो. अशा वेळी लूर स्थिर ठेवायचा की भराभर वर ओढायचा? आणि पर्चसाठी दोरी किती बारीक हवी? अनुभवी लोकांनी कृपया सांगा, येत्या रविवारी मुलाला पुन्हा न्यायचं आहे.