भर उन्हाळ्यात लॉन पिवळं पडतंय, युरिया टाकू का? (भुसावळ)

नमस्कार मंडळी,

घरापुढे साधारण ६०० चौरस फूट लॉन आहे, गेल्या पावसाळ्यात लावलेलं. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून मिळालं, म्हणजे शेवटी हरळीच. त्यावरून वडिलांचा रोजचा टोमणा: "आमचा जन्म वावरातली हरळी खणण्यात गेला, अन् हा पैसे मोजून अंगणात लावतो."

थंडीत तपकिरी झालं होतं, मार्चमध्ये पुन्हा छान फुटलं. एप्रिलपासून मात्र पिवळट होत चाललंय, तेही सरसकट नाही. कंपाउंडच्या भिंतीलगतचा पट्टा आणि पोर्चची कड जास्त, मधला भाग बराच बरा. पाणी बोअरचं, रोज संध्याकाळी पाइपने थोडं थोडं मारतो. बादलीला पांढरा थर धरतो असं पाणी. पारा सध्या ४४-४५.

माळीबुवांचं म्हणणं, "खताला आलंय, युरिया फेका." भावाची यावलकडे केळी आहे, त्यामुळे युरिया, १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश) आणि ०:०:५० (नुसतं पालाश) ही खतं घरातच पडून आहेत. टाकू का? किती? की शेणखत बरं?

तापीकाठचा
भाऊ, उन्हायामा युरियाले हात लावू नको! वरून फेकला आणि पाणी कमी पडलं की पाती करपतात, शिवाय तापलेल्या चुनखडी जमिनीवर निम्मा अमोनिया होऊन हवेत जायचा.

खुरपं
आधी एक बघा. कोवळं पातं पिवळं आहे की जुनं? खालची जुनी पाती आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. शेंड्याची नवी पाती पिवळी आणि शिरांच्या रेघा हिरव्या असतील तर लोह. आणि भिंतीलगतची चिमूटभर कोरडी माती घेऊन तिच्यावर फरशी धुवायच्या ॲसिडचा थेंब टाका, बाहेर, हातमोजे घालून. फसफसली तर मातीत चुना आहे.

पांढरा मोगरा
एवढं पाणी ओतून हरळी कशाला जगवायची? काढून टाका, मोगरा लावा.

(धागाकर्ता)
@खुरपं, नवी पातीच पिवळी आहेत. उन्हात धरलं तर बारीक हिरव्या रेघा स्पष्ट दिसतात. भिंतीजवळची माती थेंब पडताच फसफसली, मधली जरा कमी. तिथं खुरप्याने उकरलं तर बोटभर खाली गिलाव्याचे खडे निघाले, बांधकामवाल्यांनी सगळा राबिट तिथंच दाबलाय. @मोगरा, वडिलांना तुमचा आयडी कळवतो.

खुरपं
मग झालं. आपली काळी माती आधीच चुनखडीची, वर सिमेंटचा राबिट, वर जड पाणी. मातीत लोह असतं, पण अशा जमिनीत ते मुळांना घेता येत नाही. युरिया दिला तर वाढ जोरात होईल आणि पिवळेपणा आणखी उठून दिसेल. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) मातीत टाकूनही फारसा उपयोग नाही, चुना त्याला लगेच बांधून टाकतो. फवारणी करा: लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ऊन उतरल्यावर. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. पट्टा लहान आहे, तेव्हा पुढे जमलं तर राबिट काढून गाळाची माती भरा, खरा इलाज तोच.

पाणी रोज शिंपडू नका, मुळं वरच राहतात. दोन-तीन दिवसांआड, सकाळी, वीतभर ओल जाईल एवढं द्या. कापणी थोडी उंच ठेवा, एका वेळी पात्याचा एक तृतीयांशच कापा.

नत्र पावसाळ्यात द्या. हरळी उष्ण हवेतलं गवत, पण ऊन आणि ओल दोन्ही असतील तेव्हाच ती खत खाते. एका वेळच्या मात्रेला चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र हा सर्वसाधारण हिशेब. तुमचं क्षेत्र ५५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७५ ग्रॅम नत्र: युरिया ६०० ग्रॅम, किंवा अमोनियम सल्फेट १.३ किलो. तुमच्या मातीला दुसरं बरं, ते थोडं आम्लधर्मी असतं. युरियाच वापरायचा तर ती मात्रा दोन भागांत, पंधरा दिवसांच्या अंतराने, कोरड्या पात्यांवर फेकून लगेच पाणी. जून ते सप्टेंबर चालेल. डिसेंबर-जानेवारीत काही नको. ०:०:५० आता लागणार नाही.

शेणखत चांगलं कुजलेलं आणि चाळलेलं असेल तरच, पातळ थर. नाहीतर लव्हाळा आणि हुमणी फुकट मिळतात. चाळणीत पांढऱ्या अळ्या दिसल्या तर सरळ परत करा.

(धागाकर्ता)
फवारणी आजच सुरू करतो. पोर्चच्या शहाबादीवर उडालं तर?

खुरपं
गंजासारखा डाग पडतो आणि सहजी निघत नाही. आधी फरशी ओली करा, कडेला जुना कांदा-बारदाना अंथरा, उडालेलं लगेच धुवा. पांढऱ्या कपड्यात फवारायला जाऊ नका. आणि उरलेल्या १९:१९:१९ चं तोंड घट्ट बांधून ठेवा, पावसाळ्यात ओल लागली की त्याचा दगड होतो.