रक्त वाढवायला डाळिंब कशाला? शेवगा, अंबाडी आणि पेरू आहेत ना!

(एक चर्चा; प्रत्येक मजकुराआधी बोलणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

लोखंडी कढई:
घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी निघालं की पिशवीत आधी डाळिंब, बीट, सफरचंद येतं. लाल रंग म्हणजे रक्त, एवढाच त्यामागचा हिशेब. 100 ग्रॅम बिटात लोह जेमतेम 1 मिलिग्रॅम, डाळिंबात त्याहूनही कमी. तेवढ्याच शेवग्याच्या पाल्यात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि दारात झाड असेल तर पाला फुकट. डाळिंबाचे पैसे तूरडाळ, पालेभाजी आणि पेरूवर घाला, असं माझं ठाम मत आहे.

पाला कोवळा घ्या, जून पाला कडू लागतो. काड्यांवरून ओरबाडून आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतला तर क जीवनसत्त्व पाण्यासोबत जातं. लसूण-मिरचीच्या फोडणीत भिजलेली मूगडाळ अर्धी शिजली की पाला टाकून पाच मिनिटं झाकण ठेवा. पाणी कोणत्याच भाजीचं फेकू नका. अंबाडी मात्र लोखंडी कढईतच करा. तिच्या आंबटपणामुळे कढईतलं लोह भाजीत उतरतं. शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते आणि लोखंडाची चव लागते.

गोळी आधी:
बीट-डाळिंबाबद्दल शंभर टक्के सहमत. पण "रक्त वाढवायला" हा शब्द धोक्याचा आहे. पाल्यातल्या साडेचार मिलिग्रॅमपैकी अंगी लागतं साधारण 5 टक्के, म्हणजे 0.2 मिलिग्रॅम. पाळी सुरू असलेल्या बाईला रोज दीड-दोन मिलिग्रॅम शोषलेलं लोह लागतं. हा फरक भाजीने कसा भरून निघणार? सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून 180 दिवस मिळणाऱ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती गोळी बंद करून कुणी पाल्यावर विसंबलं तर बाळंतपणात जीवावर बेतू शकतं.

विदर्भासाठी एक गोष्ट तर आधी सांगायला हवी. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, बराच आहे. त्यात हिमोग्लोबिन कमी असतं ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून, लोह कमी पडलं म्हणूनच असं नाही. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह उलट साचलेलं असतं. म्हणून आधी सिकलसेलची आणि फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहसाठ्याची, तपासणी, मग लोहाच्या गोळीचा किंवा लोखंडी कढईचा विचार.

लोखंडी कढई:
गोळी बंद करा असं मी म्हटलेलं नाही, पण वाचणाऱ्याला तसं वाटू शकतं हे मान्य. सिकलसेलचा मुद्दा मी पहिल्याच ओळीत घ्यायला हवा होता.

तरी तुमचा 5 टक्क्यांचा आकडा सगळ्या ताटांना सारखा लागू होत नाही. त्याच घासांसोबत क जीवनसत्त्व असेल तर शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. वरणावर लिंबू पिळा, पण खाली उतरवल्यावर. उकळत्या वरणात पिळलेल्या लिंबाचं बरंचसं क जीवनसत्त्व नासतं. पेरूच्या दोन फोडी जेवणातच खा, दुपारी चार वाजता नको. आणि जेवल्याबरोबर चहा घेतला की सगळी मेहनत पाण्यात, कारण चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. किमान तासभर थांबा. गोळी घेणाऱ्यालाही हेच लागू आहे.

आंबिया बहार:
पेरूच का? आपल्या नागपुरी संत्र्याने काय घोडं मारलं? 2014 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय!

लोखंडी कढई:
मानांकन चवीचं आणि मातीचं. 100 ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या घरात, संत्र्यात 45-50. पुरुषाची दिवसाची गरज 80, बाईची 65. म्हणजे सालीसकट 40 ग्रॅम पेरूत, एका जाड फोडीत, दिवस निघतो. सालीजवळच ते जास्त असतं, सोलू नका.

आंबिया बहार:
आकडा बरोबर, निष्कर्ष चूक. गरजेपेक्षा जास्तीचं क जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं. पेरूत चौपट आहे म्हणून फायदा चौपट होत नाही. दोन्ही जेवणांसोबत एकेक संत्रं खाल्लं की काम भागतं. दुसरं म्हणजे पावसाळ्यातला पेरू पाणचट निघतो आणि त्यात अळी असते. बारीक छिद्राभोवती मऊ तपकिरी डाग दिसला तर घेऊ नका, वरून चांगला दिसला तरी आत फळमाशीची अळी असते. चांगला पेरू हिवाळ्यातच. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, संत्री बाजारात असताना लोकांनी पेरूच शोधत का फिरावं?

फक्त रस काढू नका. ग्लासभर रसात चार-पाच संत्री जातात, चोथा फेकला जातो आणि साखर तेवढी पोटात. शिवाय नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो, त्यात लिमोनिन हा कडू पदार्थ तयार होतो. फोडी पांढऱ्या पापुद्र्यासकट खा.

उकळून पाणी फेका:
"पाणी कोणत्याच भाजीचं फेकू नका" हे वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. पालक आणि अंबाडीत ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा बनायला कारण ठरणारा घटक, भरपूर. मुतखडा होऊन गेलेल्या माणसासाठी ती भाजी भरपूर पाण्यात उकळून, पिळून, पाणी फेकूनच करायची. क जीवनसत्त्व जातं, जाऊ द्या, ते लिंबातून मिळेल. आपल्या आजीच्या हातची अंबाडी उकडून पिळलेलीच असायची ना?

आणि मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलंय, त्यांनी पेरूच्या नादी लागू नये. 100 ग्रॅममध्ये 400 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम, संत्र्याच्या दुपटीहून जास्त.

लोखंडी कढई:
मुतखडेवाल्यांसाठी तुमची पद्धत बरोबर, माझं वाक्य मी मागे घेतो. शेवगा आणि चवळीचं पाणी मात्र आटवूनच घ्या. निरोगी माणसाच्या भाजीतलं फोलेट (फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप) फेकण्यात अर्थ नाही.

गोळी आधी:
ठेल्यावरच्या पेरूबद्दल कुणीच बोललं नाही. तो चिरून, तिखट-मीठ लावून उघड्यावर तासन् तास ठेवलेला असतो. हवेने क जीवनसत्त्व कमी होतं, आणि रक्तदाबवाल्याच्या पोटात नको तेवढं मीठ जातं. अख्खा घ्या, घरी धुवा, खाताना चिरा.