एमआरआयच्या आधीचा इंग्रजी मेल

मावशी: कुणी जागं आहे का रे, हॉस्पिटलला मेल टाकायचाय. एमआरआयच्या आधी काही त्रास किंवा भीती असेल तर लिहून कळवा म्हणालेत. बंद जागेत माझा लहानपणापासून जीव घाबरतो, त्या नळीत झोपायचं म्हटलं की आत्ताच धडधडतंय. मी लिहिलंय 'आय ॲम फिअरिंग क्लोज्ड प्लेसेस सिन्स मेनी इयर्स'. बरोबर आहे का

दादा: समजेल त्यांना, पण फिअरिंग नको, कुणी बोलत नाही तसं. 'आय वॉज अफ्रेड' करून टाक ना

वहिनी: अहो वॉज नको!! वॉज म्हणजे तेव्हा होती आता नाही, ते म्हणतील चला एक काळजी मिटली 😄 मावशी, असं लिहा, 'आय हॅव बीन अफ्रेड ऑफ एन्क्लोज्ड स्पेसेस सिन्स आय वॉज अ चाइल्ड'. हॅव बीन आलं की तेव्हापासून आहे आणि अजूनही आहे, दोन्ही त्यातच येतं

मावशी: आणि मेनी इयर्स?

वहिनी: ते ठेवायचं तर फॉर मेनी इयर्स. किती काळ ते सांगताना फॉर, कधीपासून ते सांगताना सिन्स, म्हणजे सिन्स २०१९ किंवा सिन्स चाइल्डहुड

काका: 'आय ॲम हॅविंग ग्रेट ॲप्रिहेन्शन' लिही, वजन पडेल जरा

मावशी: अहो मला मशीनमध्ये जायचंय, कोर्टात नाही

दादा: 😂😂 मग शेवटी 'आय ॲम अफ्रेड आय कान्ट लाय इन द मशीन' टाक, विषय संपला

वहिनी: तिथेच घोळ होईल, ते वाचतील 'माफ करा, जमणार नाही' आणि अपॉइंटमेंटच रद्द करतील. इंग्रजीत आय ॲम अफ्रेड लावून नकार द्यायची पद्धत आहे, भीतीचा संबंध नसतो त्यात. त्यापेक्षा 'आय ॲम वरीड दॅट आय माइट पॅनिक इनसाइड द मशीन' लिहा, म्हणजे यायचंय पण आत घाबरायला होईल हे कळेल. आणि नुसतं घाबरते लिहून थांबू नका मावशी, लिफ्ट अडकली होती तेव्हा श्वास लागला होता ना तुम्हाला, ते एका ओळीत टाका, त्यावरून त्यांना किती ते कळेल

मावशी: हो ते राहिलंच. आणि आत भीती वाटली तर बोलवायचं कसं ते पण विचारू का

दादा: विचार की, हातात दाबायचा बल्ब देतात, दाबला की बाहेरच्यांना कळतं. पायाकडून आत जाता येईल का तेही विचार, कुठला स्कॅन आहे त्यावर असतं ते

काका: मी बाहेर बसतो म्हणून पण लिही

मावशी: ते मराठीतच सांगते त्यांना. वहिनी, पूर्ण लिहून इथे टाकते, बघून सांग मग पाठवते