मदत हवी आहे: घट्टे पडलेल्या, थरथरणाऱ्या बोटांना टॅबवर पान उलटायला दाबायचं बटण कुठून आणू?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या वडिलांसाठी आहे. थोडं लांबण लागेल, पण निम्मंच सांगितलं तर उत्तरही निम्मंच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मी धुळ्याला असते. आबा अमळनेर तालुक्यात आमच्या गावी, भावाकडे. वय 74. पन्नास वर्षं कोरडवाहू शेती केली, कपाशी आणि बाजरी. वखराच्या रुमण्याने तळहाताला घट्टे पडले आणि कापूस वेचताना बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटांची टोकं सोलून सोलून चामड्यासारखी झाली. अंगठ्याचा ठसा मशीनवर तीन-चारदा ठेवावा लागतो, तेव्हा कुठे उमटतो. त्यात गेल्या दोन वर्षांपासून उजव्या हाताला कंप सुटला आहे. औषध चालू आहे, पण हात स्थिर राहत नाही.

आबा श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचतात. मी चौथीत होते तेव्हापासून बघते आहे. समोर वीस-पंचवीस माणसं बसलेली असतात, आणि आबा जिभेला बोट लावून पान उलटतात. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी छापील पोथीचं बारीक अक्षर आता त्यांना लागत नाही. म्हणून भावाने ती पोथी स्कॅन करून दहा इंची अँड्रॉइड टॅबवर घातली. टॅब आडवा धरला की अक्षर हरभऱ्याएवढं दिसतं. आबांना ते एवढं आवडलं की पहिल्या दिवशी अर्धा अध्याय तिथेच वाचून काढला.

अडतं ते पुढचं पान येताना. बोट टेकवलं तर काही होत नाही, म्हणून ते जोरात दाबून धरतात. मग कुठलीतरी यादी उघडते. ती बंद करायला जावं तर बोट थरथरून सरकतं आणि तीन पानं पुढे जातात. मग पुतण्याला हाक. तो नववीत आहे, गुणी आहे, शेजारी बसून पानं सरकवून देतो. पण परवा आबा मला फोनवर म्हणाले, "हाई काच मना बोटले वळखस नही. आते पोथी वाचू का नातूले हाका मारू?" त्यानंतर त्यांनी टॅब कपाटात ठेवून दिला.

आतापर्यंत केलेले उपाय सांगते. स्क्रीनगार्ड काढून टाकलं, थोडा फरक पडला. सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवली, तर कंपाचा त्रास वाढला. बोट ओलं केलं की दोन-तीन पानं नीट चालतात, पुन्हा तेच. रबरी टोकाचा पेन त्यांच्या हातात ठरत नाही. आवाजी आज्ञेचा उपयोग नाही, कारण ते मोठ्याने वाचतच असतात.

मला एकच हवं आहे: दाबलं की दाबल्यासारखं बोटाला कळेल असं बटण. एक पुढे, एक मागे. वायरचं असलं तर उत्तम, गावात वीज जाते आणि आणखी एक बॅटरी सांभाळायला कोणी नाही. श्रावण लागायला पाच आठवडे आहेत.

तापीकाठचा

ताई, आवाज कमी-जास्त करायच्या बटणांनी पान उलटता येतं. रीडएरा, मून प्लस रीडर या वाचायच्या अ‍ॅपांत तशी सोय आहे, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. मी रात्री तसंच वाचतो. विकत काही आणावं लागत नाही.

पांझराकाठ

धन्यवाद दादा, आजच भावाला करायला लावलं. बटणाने पान उलटतं, पण टॅबच्या कडेला दोन्ही बटणांची मिळून एकच पातळ पट्टी आहे आणि आबांना पुढचं कुठलं, मागचं कुठलं हे बोटाने उमगत नाही. शिवाय बटण दाबताना टॅबच स्टँडवरून सरकतो. बटण टॅबपासून वेगळं, खाली पाटावर हवं.

मोबाइलदुरुस्ती_चाळीसगाव

अठरा वर्षं हेच काम करतो, म्हणून काचेचं आधी सांगतो. आताच्या स्क्रीनला दाब कळत नाही. काचेखाली विजेचं हलकं क्षेत्र असतं, बोट जवळ आलं की ते बदलतं आणि तो बदल ती मोजते. त्वचेत ओलावा असेल तर बदल ठळक होतो. कोरडा जाड घट्टा मध्ये आला की तोच बदल इतका पुसट होतो की स्क्रीन त्याला स्पर्श धरतच नाही. ओल्या बोटाने दोन पानं चालण्याचं कारण हेच. जोरात दाबून फायदा नाही, कारण जास्त वेळ टेकलेलं बोट म्हणजे 'लाँग प्रेस'. आबांचं काही चुकत नाही, त्यांना सांगा. पूर्वीच्या दाबाच्या स्क्रीन नखानेही चालायच्या, माझ्या दुकानात शेतकरी गिऱ्हाईक त्या फोनांवर खूश असायचं.

एक काळ असा होता की फोनवरची यादी सरकवायला हाताला काहीतरी लागायचंच. नोकिया 7110 ला 1999 मध्ये मधोमध फिरतं रूळ होतं, अंगठ्याने फिरवायचं आणि तेच दाबायचं. ब्लॅकबेरी पर्लला 2006 मध्ये छोटा गोळा आला. आपल्याकडच्या धुळीने तो अडायचा, पण स्पिरिटने पुसला की परत चालू. न बघता नावांच्या यादीत खालीवर जाता यायचं. ती सोय गेली याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती गेल्याचा फटका म्हाताऱ्या माणसांना जास्त बसला.

आता उपाय. ओटीजी अडॅप्टर घ्या, म्हणजे टॅबच्या चार्जिंगच्या जागी यूएसबीची वस्तू लावायची छोटी जोडणी, आणि साधा वायरचा माउस लावा. अँड्रॉइडला माउस आणि कीबोर्ड 2011 पासून, म्हणजे 3.1 आवृत्तीपासून चालतात. चाक फिरवलं की व्हॉट्सअ‍ॅप असो, बातम्या असोत, सगळं सरकतं. काही कंपन्यांच्या फोन-टॅबमध्ये ओटीजी आधी सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि बराच वेळ वापरलं नाही तर ते आपोआप बंद होतं. चाललं नाही तर पहिलं तिथे बघा.

अमळनेरी_पोरगा

सेल्फीचं ब्लूटूथ बटण मिळतं ते घ्या ना, स्वस्त आणि छोटं.

पांझराकाठ

ते बटण आमच्या घरात होतंच, काल लावून पाहिलं. ते फोनला 'आवाज वाढवा' एवढंच सांगतं, आणि वाचायच्या अ‍ॅपमध्ये आवाज वाढवा म्हणजे मागचं पान. आबा पुढे जायला दाबत होते आणि पोथी मागे चालली होती. उलटं करायची सोय सापडली, पण मग मागे जायला काही उरलं नाही. शिवाय थोडा वेळ हात लावला नाही की ते झोपतं आणि पहिलं दाबणं वाया जातं. आबा एकेक पान सावकाश वाचतात, म्हणजे दरवेळी दोनदा दाबायचं.

माउसही आणला. बातम्या वाचायला चाक फार छान. पण पोथीला जमलं नाही. बोट थरथरलं की चाक पुढे-मागे होतं आणि वाचत असलेली ओळ निसटते. दुरुस्तीवाले दादा, तुमचं काचेचं म्हणणं मी आबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे मनी चूक नही." एवढ्यासाठीसुद्धा तुमचे आभार.

नाव_नको

पोथी ऐकण्याचे रेकॉर्डिंग भरपूर मिळतात. या वयात त्रास कशाला? लावून द्या.

पांझराकाठ

ऐकायला त्यांना आवडतंच, सकाळी ऐकतातही. पण देवळात ते वाचणारे आहेत. लोक त्यांच्या तोंडून ऐकायला येतात. ते काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही, म्हणूनच हा धागा काढला.

सरकी_आणि_हिशेब

मी धरणगावला जिनिंगमध्ये हिशेब बघतो. लॅपटॉपला आम्ही वेगळं नंबरपॅड लावतो, फक्त आकड्यांचं, यूएसबीचं. आपल्या बाजारात चारशेला मिळालं. त्यातलं नमलॉक, म्हणजे आकडे चालू-बंद करायची कळ, बंद केलं, दिवा विझला, की 9 म्हणजे पेज अप (मागे) आणि 3 म्हणजे पेज डाउन (पुढे), कळांवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, झोपणं नाही. 5 च्या कळेवर उंचवटा असतो, न बघता बोट मधोमध ठेवता येतं. तुमच्याकडे आहे तसं ओटीजी लावून माझ्या फोनवर आत्ता करून पाहिलं, ब्राउझरमध्ये पान बरोबर एक पडदा खाली गेलं.

वाचायला कोरीडर नावाचं मोफत अ‍ॅप टाका. ते पेज अप, पेज डाउन कळा ओळखतं, आणि स्कॅन केलेल्या पानाच्या कोऱ्या कडा आपोआप कापून अक्षर आणखी मोठं करतं. फक्त एक: नंबरपॅड लावलेलं असताना चार्जिंगची जागा अडते, म्हणून टॅब आधी पूर्ण चार्ज करून बसा.

बोटांची_शाळा

वरचा उपाय योग्य आहे, त्यात एक भर घालते. मी हातांवर ताबा नसलेल्या मुलांबरोबर नंदुरबारला काम करते. कंप असलेला हात मोकळा ठेवला की तो चार कळा एकदम दाबतो. त्यासाठी आम्ही कळांवर 'कीगार्ड' बसवतो. म्हणजे एक पातळ फळी, कळा असतील तिथे भोकं पाडलेली. हाताचा भार फळीवर पडतो, कळेवर नाही. बोट फळीवरून घासत न्यायचं, भोकात उतरलं की तिथेच दाबायचं. हात टेकलेला असला की कंपही पुष्कळांचा कमी जाणवतो.

तुम्हाला दोनच कळा लागणार, तर दोनच भोकं ठेवा, बाकी सगळं झाका. फळी कळांच्या माथ्यापेक्षा किंचित वर राहिली पाहिजे. प्लायवूडचा तुकडा किंवा अ‍ॅक्रिलिक, काहीही चालेल, कडा मात्र पॉलिशपेपरने घासून घ्या. भोकाचा आकार आबांच्या बोटाने ठरवा, तुमच्या नको. आणि उजव्या हाताला कंप आहे तर डाव्या हाताने करून बघा, लोक हे विचारायचंच विसरतात.

पांझराकाठ

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहिते आहे.

नंबरपॅड आणलं. गावातल्या सुताराने जुन्या कपाटाच्या फळीतून तुकडा कापून दिला, पैसे घेतले नाहीत, कारण तोही श्रावणात ऐकायला बसतो. दोन भोकं, पुढचं मोठं आणि मागचं लहान, म्हणजे बोटालाच फरक कळतो. पहिल्यांदा भोक माझ्या बोटाच्या मापाने झालं होतं. आबांचं बोट अडकलं. ताईंचं वाक्य मी वाचलं होतं आणि तरी चुकले. दुसऱ्यांदा त्यांचं बोट फळीवर ठेवून पेन्सिलीने खूण केली. फळी आणि पॅड दोन्ही पाटाला स्क्रूने पक्के केले, टॅब मागे लाकडी स्टँडवर.

डाव्या हाताने करून पाहिलं, चाललंही, पण त्यांनी उजवाच धरला. म्हणाले, पोथीला उजवा हात लागतो. मनगट फळीवर टेकलं की थरथर खरंच कमी होते.

काल एकादशी होती. आबांनी ओट्यावर बसून अख्खा अध्याय एकट्याने वाचला. पुतण्या शेजारी नुसता ऐकत बसला होता. एका जागी मागची ओळ पुन्हा बघायची होती, तर स्वतःच मागचं बटण दाबून गेले आणि परत आले. पुढचं पान दाबण्याआधी त्यांचं बोट अजून जिभेकडे जातं. ती सवय आहे, राहू दे.

आता एकच अडचण उरली आहे. ओवी संपता संपता त्यांचं बोट कळेवर टेकलेलंच राहतं, आणि कळ दाबून धरली की टॅब तीच कळ पुन्हा पुन्हा धरतो. परवा एकदम सात पानं गेली. नव्या अँड्रॉइडमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये यावर काही सोय आहे म्हणतात, पण आमचा टॅब जुना आहे, तिथे ती दिसत नाही. जुन्या टॅबवर कळेचं हे आपोआप पुन्हा पुन्हा होणं कोणी बंद केलं आहे का? की कळेखाली थोडी जास्त ताठ स्प्रिंग घालून बोट आपोआप वर यावं असं काही करता येईल? दुरुस्तीवाले दादा, तुम्ही चाळीसगावला असाल तर पॅड घेऊन मी रविवारी येऊ शकते.

मोबाइलदुरुस्ती_चाळीसगाव

रविवारी अकरानंतर या. पॅड खोलून बघू. कळांखाली रबराच्या वाट्या असतात, त्या दोन कळांखालच्या बदलून ताठ घालता येतील. येताना ती फळीही आणा, आणि जमलं तर आबांनाच घेऊन या. किती ताठ हवं ते त्यांच्या बोटानेच ठरवू.