देशाचा कायदाच आडवा आला तर करार मोडल्याची जबाबदारी कुणाची?

चौकस_नाशिककर:
एलएलबी दुसरं वर्ष, इंटरनॅशनल लॉ चालू आहे. करारांच्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनचं कलम 27 सांगतं की आपल्या घरच्या कायद्याकडे बोट दाखवून देशाला करार मोडता येत नाही. मग अमेरिकेतल्या मेडेलिन केसमध्ये टेक्सास राज्याने मेडेलिनला मृत्युदंड दिलाच ना? अमेरिका सुटली का यातून? दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय.

रेवती_वकील:
नाही सुटली. मेडेलिन मेक्सिकोचा, 1993 ला ह्यूस्टनमध्ये दोन मुलींच्या खुनात पकडला, गुन्हा भयंकरच होता त्याबद्दल दुमत नाही, पण करारानुसार तुझ्या वकिलातीला कळवायचा तुला हक्क आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही आणि नंतर त्याने तो मुद्दा काढला तर कोर्ट म्हणालं खटल्याच्या वेळी बोलला नाहीस, आता उशीर झाला. अरे पण हक्कच माहीत नाही तो बोलणार कसा?? 2004 मध्ये हेगच्या कोर्टाने, म्हणजे देशांमधले वाद ऐकणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, अशा 51 मेक्सिकन लोकांच्या शिक्षांचा फेरविचार करा म्हणून सांगितलं. राष्ट्राध्यक्ष बुशनी राज्यांच्या कोर्टांना तसं कळवलं, पण 2008 मध्ये अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणालं की काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा केल्याशिवाय हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, एकट्या राष्ट्राध्यक्षांना ते करता येत नाही. ऑगस्टमध्ये शिक्षा दिली. पण जानेवारी 2009 मध्ये हेगने स्पष्ट म्हटलं की अमेरिकेने आमचा आदेश मोडला. आतल्या कोर्टात काय चालतं हा एक प्रश्न, बाहेर देश म्हणून उत्तर कोण देणार हा दुसरा, तुझी गल्लत तिथे होतेय.

चौकस_नाशिककर:
पण ताई, केलं टेक्सासने आणि जबाबदार अमेरिका?

सांगलीकर_77:
हो, कारण बाहेरच्यासाठी संसद, कोर्ट, घटक राज्य, पोलीस सगळे मिळून एकच देश. पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचा हेगचा निकाल वाच, जुलै 2019 चा, आपल्याकडून वकील हरीश साळवे उभे होते. तिथेही वकिलातीचाच हक्क, आणि कोर्टाने पाकिस्तानला सांगितलं की शिक्षेचा खराखुरा फेरविचार करा, गरज पडली तर त्यासाठी कायदाही करा. म्हणजे "आमच्या कायद्यात सोय नाही" हे कारणच उरलं नाही, सोय करणं हाच जबाबदारीचा भाग झाला. 2021 मध्ये त्यांच्या संसदेने तसा कायदा केला, हायकोर्टात फेरविचाराची वाट काढली. तो फेरविचार खरा होतोय का हे मात्र कागदावरून ठरत नाही, आणि माणूस अजून तुरुंगातच आहे, ते वाचताना जीव तुटतो.

रेवती_वकील:
आणि अमेरिकेने काय केलं तेही उत्तरात लिही. 2005 मध्ये ज्या प्रोटोकॉलमुळे, म्हणजे मूळ कराराला जोडलेल्या पूरक करारामुळे, हे वाद हेगला जातात त्यातूनच बाहेर पडली. वकिलातीच्या हक्काचा मूळ करार तसाच लागू आहे, फक्त त्या वाटेने हेगला खेचता येत नाही.