न्यूफाउंडलंडच्या काळ्या अस्वलांत जनुकीय वैविध्य इतके कमी का?

रानवाट (धागाकर्ता) :
कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरच्या काळ्या अस्वलांविषयी वाचताना एका आकड्यापाशी अडलो आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन राष्ट्रीय उद्यानांतील अस्वलांचे मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, तपासले होते. हेटेरोझायगॉसिटी, म्हणजे आईकडून व बापाकडून आलेल्या अशा तुकड्याच्या प्रती वेगवेगळ्या असण्याचे प्रमाण, मुख्य भूमीवरील बँफ आणि ला मॉरिसी उद्यानांत 80 टक्क्यांच्या आसपास भरले, तर न्यूफाउंडलंडच्या टेरा नोव्हात अवघे 36 टक्के. बेटाला मुख्य भूमीवरील लॅब्राडोरपासून तोडणारी बेल आइलची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम 15 किलोमीटर रुंद आहे आणि हिवाळ्यात तिच्यात बर्फ असतो. 1980 च्या दशकात कोयोटी (लांडग्यासारखे रानटी प्राणी) बर्फावरूनच बेटावर आले, असे मानतात. मग अस्वले का येत नाहीत? आणि बाहेरून काही अस्वले आणून सोडावीत का?

पाणवठा :
कारण ऋतुचक्रात आहे. सामुद्रधुनी गोठलेली असते त्या काळात काळे अस्वल ढोलीत किंवा बिळात निजलेले असते. ध्रुवीय अस्वल मात्र नेमके तेव्हाच भटकते, त्यामुळे ते अधूनमधून या बेटावर येऊन पोहोचते. शिवाय काळ्या अस्वलांत दूर जातात ते मुख्यतः तरुण नर; मुली बहुधा आईच्या क्षेत्राला लागूनच आपले क्षेत्र धरतात. एखादा नर पोहत आलाच, तरी त्याची पिल्ले होईपर्यंत जनुकांच्या हिशोबात तो आलाच नाही असे समजावे. गळ्यातला जीपीएस पट्टा अस्वल कुठे गेले ते सांगतो, त्याचा वंश रुजला की नाही ते सांगत नाही.

गुणसूत्र :
वरील प्रतिसादाशी सहमत. प्रजननात प्रत्यक्ष भाग घेणारी संख्या 50 असेल, तर दर पिढीला सुमारे 1 टक्का हेटेरोझायगॉसिटी निव्वळ योगायोगाने गळते. संख्या 500 असेल तर 0.1 टक्का. मोजके नर बहुतेक पिल्लांचे बाप होत असल्यामुळे ही संख्या जंगलात दिसणाऱ्या अस्वलांपेक्षा बरीच कमी असते. हिमयुगानंतर हजारो वर्षे तुटलेल्या बेटावर हे सावकाश साठत गेले असणार.

प्रत्येक बेटाची गत मात्र अशी नसते. ब्रिटिश कोलंबियातील ग्रिबेल आणि प्रिन्सेस रॉयल बेटांवर काळ्या अस्वलांतलीच काही पांढरी जन्मतात. एका जनुकातील एकाच अक्षराच्या बदलाने हे घडते, आणि तो बदल आईबाप दोघांकडून यावा लागतो. तिथल्या खाड्या अरुंद असून अस्वले त्या पोहून ओलांडतात, तरीही हा रंग टिकून आहे. दिवसा सामन मासा पकडण्यात पांढरी अस्वले काळ्यांपेक्षा अधिक यशस्वी ठरतात, असे निरीक्षण आहे.

रानवाट :
आभार. मग 36 टक्के हा आकडा धोक्याचा मानायचा की नाही?

गुणसूत्र :
एवढ्यावरून मानू नये. मायक्रोसॅटेलाइट बहुतांशी प्रथिने घडवत नाहीत, त्यामुळे तो आकडा एकाकीपणाचा इतिहास दाखवतो. प्रकृती जोखायची तर पिल्लांची जगण्याची टक्केवारी आणि रोग पाहावे लागतात. बेटावर आज काही हजार अस्वले आहेत. अशा स्थितीत बाहेरची अस्वले आणणे म्हणजे नवे रोग आणि स्थानिक अनुकूलन (बेटाच्या परिस्थितीशी जुळलेली घडण) बिघडण्याची जोखीम विनाकारण ओढवून घेणे, असे माझे मत आहे.

पाणवठा :
शिवाय टेरा नोव्हा हे पूर्व किनाऱ्यावरचे एकच उद्यान आहे. सामुद्रधुनीला लागून असलेल्या उत्तरेकडील द्वीपकल्पात आमिषाभोवती काटेरी तार ताणून केस गोळा करावेत आणि त्यांची लॅब्राडोरच्या नमुन्यांशी तुलना करावी. कोणी पलीकडून आले असेल, तर त्याचा माग आधी तिथेच लागेल.