स्पॉइलस्पोर्टला मराठीत काय म्हणाल, रड्या की अजून काही?

डच इतिहासकार योहान हुइझिंगाचं खेळ आणि संस्कृतीवरचं 'होमो लुडेन्स' (१९३८) मराठीत आणतोय आणि एका शब्दाशी गाडी अडलीय. तो म्हणतो की खेळात लबाडी करणारा निदान नियम पाळल्याचं नाटक तरी करतो, म्हणून लोक त्याला खपवून घेतात, पण स्पॉइलस्पोर्ट खेळच मानत नाही, म्हणून त्याला हाकलतात. मी दुसऱ्याला 'रड्या' लिहिलं, पण पटत नाहीये.

--

नाहीच पटणार, कारण रड्या हा पहिल्यातला. स्टंप पडला तरी नो बॉल होता म्हणून भांडत बसतो, रडी खातो, पण पुढचा बॉल खेळायला तिथेच उभा असतो ना! आउट दिल्यावर 'बॅट माझीये' म्हणून काखेत मारून घरी जातो तो तुमचा दुसरा. मूळ डच शब्द 'स्पेलब्रेकर' आहे, स्पेल म्हणजे खेळ आणि ब्रेकर म्हणजे मोडणारा. आपल्याकडे डाव मोडणं आहेच, डावमोड्या करून टाका.

--

डावमोड्या मस्त! आणि शब्दांचा कीस पाडलेला हुइझिंगालाही चाललं असतं, गडी मुळात संस्कृतवाला, १८९७ची डॉक्टरेट संस्कृत नाटकातल्या विदूषकावर, इतिहासाकडे नंतर वळला. याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण कुठल्या भाषेत खेळाला काय म्हणतात यावर आहे, त्यात क्रीड्, दिव्, लीला सगळं येतं. आपला 'खेळ' तर अजून ऐसपैस, क्रिकेट पण खेळ, सिनेमाचा सहाचा पण खेळ आणि कोकणात शिमग्याला येतात ते खेळे.

--

थोडं अवांतर, पण पुस्तकाच्या उपशीर्षकात 'संस्कृतीचा खेळ-घटक' असं आहे, ते भाषांतरताना विभक्ती सांभाळा. 'संस्कृतीतला' खेळ नाही, 'संस्कृतीचा'. परदेशात व्याख्यानाला गेला की यजमान ते बदलून 'संस्कृतीतला' करायला बघायचे आणि हा दर वेळी षष्ठीच धरून बसायचा. कारण त्याचं म्हणणं, कोर्ट, युद्ध, कविता हे सगळं खेळ म्हणूनच उभं राहिलं, खेळ हा संस्कृतीतला एक कोपरा नव्हे.

--

नाझी म्हणजे त्याच्या हिशेबाने डाव मोडणारेच, नियमच न मानणारे. १९३३ला लायडन विद्यापीठाचा रेक्टर असताना ज्यूंविरुद्ध पत्रक लिहिणाऱ्या एका जर्मन पाहुण्याला त्याने सरळ चालतं व्हायला सांगितलं. १९४२ला ओलीस म्हणून डांबलं, सुटल्यावर लायडनला परतू दिलं नाही, आणि फेब्रुवारी १९४५मध्ये आर्नहेमजवळच्या गावात वारला, तीनच महिन्यांनी हॉलंड मोकळं झालं.

--

ठरलं, लबाड तो रड्या आणि दुसरा डावमोड्या, षष्ठी पण दुरुस्त केली. आता एकच, आपला कच्चा लिंबू त्याच्या कुठल्या खात्यात टाकायचा? आउट होत नाही, राज्य घेत नाही, तरी खेळात आहे, आणि हे सगळ्यांना मान्य!

--

कुठल्याच नाही, तो आपला आपणच ठेवू. बाय द वे आमच्याकडे लिंबूटिंबू म्हणायचे, तुमच्याकडे काय?